दहा सेकंदांची ओळख

टोकियोच्या अकिहाबारा भागात डॉन किहोते नावाचं स्वस्त वस्तूंचं एक भलंमोठं दुकान आहे. साबणापासून सूटकेसपर्यंत काहीही मिळतं. त्याच इमारतीच्या आठव्या मजल्यावर ८ डिसेंबर २००५ रोजी एक छोटं नाट्यगृह सुरू झालं. जागा अडीचशे माणसांची आणि रंगमंचासमोरच दोन जाडजूड खांब, त्यामुळे निम्म्या खुर्च्यांवरून निम्मंच दिसायचं. पहिल्या प्रयोगाला मंचावर वीस मुली होत्या. तिकीट काढून आलेले सामान्य प्रेक्षक होते सात. बाकीचे आमंत्रित आणि घरचेच.

एकेबी फॉर्टीएट या गटाचा हा जन्म. पुढे याच गटाच्या सीडी दहा-दहा लाखांनी खपल्या. त्याचे निर्माते आणि गीतकार यासुशी अकिमोतो यांनी एकच साधी कल्पना धरली होती: जिला जाऊन भेटता येईल अशी आयडॉल. तोवर आयडॉल टीव्हीच्या काचेपलीकडे असायची. आता ती रोज संध्याकाळी आठव्या मजल्यावर असणार होती.

आधी ‘आयडॉल’ या शब्दाचं बघू. जपानीत त्याचा उच्चार ‘आइदोरु’. १९६४ मध्ये तिथे गाजलेल्या एका फ्रेंच चित्रपटाच्या जपानी नावावरून तो रूढ झाला. सत्तरच्या दशकात टीव्हीवरच्या गायन स्पर्धांमधून कोवळ्या वयाच्या मुली पुढे येऊ लागल्या आणि शब्दाचा अर्थ पक्का झाला. आयडॉल म्हणजे गायिका नव्हे. ती गाते, नाचते, टीव्हीवर हसवते, जाहिरातीत दिसते. पण यातल्या कशातही ती निष्णात असावी अशी अट नाही. मराठी वाचक इथेच अडखळतो. गुरूपाशी दहा-बारा वर्षं घासल्याशिवाय मंचावर बसू नये, असं मानणारी आपली परंपरा. सूर किंचित खाली लागला तरी आपल्या कपाळावर आठी येते. तिथे सूर खाली लागतो आणि समोरचे टाळ्या वाजवतात. का?

शेजारच्या कोरियाशी ताडून पाहिलं की उलगडा होतो. कोरियन कंपन्या मुलामुलींना बंद दाराआड अनेक वर्षं घडवतात आणि पूर्ण तयार झाल्यावर जगापुढे आणतात. जपानी पद्धतीत ती तालीमच मंचावर होते. मुलगी अर्धवट तयार असतानाच उभी केली जाते आणि ती पाऊल चुकते, रडते, सहा महिन्यांनी तेच पाऊल बरोबर टाकते, हे सगळं प्रेक्षकांसमोर घडतं. चाहता विकत घेतो ती ही वाढ, आणि आपण ती पहिल्यापासून पाहिली हे सांगण्याचा हक्क. पुरी झालेली वस्तू नुसती पाहायची असते; अपुऱ्या वस्तूला आपली गरज असते. माझ्या मते या साऱ्या वेडाची किल्ली इथे आहे.

आता समजा, तुम्हीच त्या नाट्यगृहात पोचलात. तिकीट थेट मिळत नाही, आधी अर्ज आणि मग सोडत. सोडतीत नाव आलं तरी कुठली खुर्ची मिळेल याचा भरवसा नाही. दाराशी हाऊजीसारखे क्रमांकाचे गोळे काढतात आणि ज्या तुकडीचा क्रमांक आधी निघेल ती आधी आत शिरते. पुढची रांग मिळणार की खांबामागची, हे नशीब ठरवतं. आत सोळा जणींचा चमू ठरलेली पंधरा-सोळा गाणी सादर करतो. तोच कार्यक्रम, तीच गाणी, तीच क्रमवारी, महिनोन्‌महिने. कंटाळवाणं वाटतं ना? पण एकाच नाटकाचे पन्नास प्रयोग पाहिलेला माणूस आपल्याकडेही भेटतो आणि तो सांगतो की पन्नासावा पहिल्यासारखा नव्हता. सगळं तेच असलं की फरक दिसू लागतो. मागच्या रांगेतल्या त्या मुलीचा हात आज जरा वर गेला, हे फक्त रोजच्या प्रेक्षकालाच कळतं.

अशी कुणीतरी एक नजरेत भरते. ती तुमची ‘ओशी’. ‘ओसु’ म्हणजे ढकलणं, पुढे रेटणं. त्यावरून आलेला हा शब्द. ‘माझी आवडती’ असं भाषांतर केलं तर त्यातलं काम हरवतं. जिला मी पुढे ढकलतो ती माझी ओशी. एकीलाच मानणारे, अख्ख्या गटाला मानणारे (त्याला ‘हाको ओशी’ म्हणतात, हाको म्हणजे पेटी) आणि सगळ्याच जणी आवडणारे असे तीन प्रकार. तिसऱ्याला ‘डीडी’ म्हणून जरा हिणवतात. ‘कुणीही चालेल, फार आवडते’ अशा अर्थाच्या जपानी शब्दांची ती आद्याक्षरं.

ओशी ठरली की हाताला काम मिळतं. मोठ्या कार्यक्रमात ते रंगांत दिसतं. मोमोइरो क्लोव्हर हा गट २००८ मध्ये रस्त्यावर आणि बागेत नाचून सुरू झाला. मुली शाळकरी, म्हणून कार्यक्रम शनिवार-रविवारी. प्रत्येकीला एक रंग: मोमोता कानाकोला लाल, इतरांना पिवळा, गुलाबी, जांभळा, हिरवा, निळा. चाहता आपल्या ओशीच्या रंगाचा दिवा हातात धरतो. मंचावरच्या मुलीला अंधारात चेहरे दिसत नाहीत, रंग दिसतात. आपली माणसं किती आली हे तिला एका नजरेत मोजता येतं. निळी मुलगी एप्रिल २०११ मध्ये गट सोडून गेली, हिरवी जानेवारी २०१८ मध्ये. ते रंग पुन्हा कुणालाही दिले गेले नाहीत. रस्त्यावर सुरू झालेल्या या गटाने मार्च २०१४ मध्ये टोकियोचं राष्ट्रीय क्रीडांगण भरवलं.

रंगासोबत आरोळ्या. गाण्याच्या कुठल्या जागी ओशीचं नाव ओरडायचं हे ठरलेलं असतं, आणि सुरुवातीच्या नुसत्या वाद्यांवर ‘टायगर, फायर’ अशा अर्थहीन शब्दांची फैर झडते. नवख्याला हे खुळचट वाटतं. मलाही वाटलं होतं. पण गाण्यात या आरोळ्यांसाठी मोकळ्या मात्रा ठेवलेल्या असतात, हे ध्यानात आलं की मत बदलतं. प्रेक्षक गप्प बसले तर गाणं भोकं पडल्यासारखं ऐकू येईल.

मग येतो हस्तांदोलनाचा दिवस. सीडीच्या पाकिटात एक चिठ्ठी असते. ती दाखवली की मोठ्या सभागृहात आपल्या ओशीच्या रांगेत उभं राहता येतं. एका चिठ्ठीला थोडे सेकंद, दहा म्हणजे चंगळ. हात हातात, एक वाक्य तुमचं, एक तिचं आणि मागून खांद्यावर तिसराच हात पडतो. त्या कर्मचाऱ्याला चाहते ‘हागाशी’ म्हणतात: चिकटलेलं सोलून काढणारा! यापेक्षा नेमका शब्द सापडायचा नाही. खिशात आणखी चिठ्ठ्या असतील तर पुन्हा रांगेच्या शेवटी जायचं, किंवा पाच-सहा चिठ्ठ्या एकदम देऊन अर्धं मिनिट पदरात पाडून घ्यायचं.

हे कशासाठी? ‘निंची’साठी. निंची म्हणजे ओळख पटणं. चौथ्या-पाचव्या भेटीला ती म्हणते, आज चष्मा नाही घातलास? दिवसभर कार्यालयात ज्याच्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही, त्याला हे वाक्य केवढ्याला पडलं याचा हिशेब तो करत नाही. करोनाकाळात हात मिळवणं बंद झालं आणि मोबाइलच्या पडद्यावरचं बोलणं सुरू झालं, पण ठरलेले सेकंद तसेच राहिले.

अकिमोतोंची खरी हुशारी मात्र २००९ मध्ये दिसली. एकेबी गटात मुली खूप आणि नव्या गाण्यात जागा मोजक्याच. कोण पुढे उभी राहणार यावर चाहते कुरकुरत. त्यांनी सांगितलं, मग तुम्हीच निवडा. सीडीत मतपत्रिका आली. एक सीडी, एक मत. पण एका माणसाला एकच सीडी असं कुणी म्हटलं नव्हतं. २००९ मध्ये पहिल्या आलेल्या माएदा आत्सुकोला ४,६३० मतं होती. २०१७ मध्ये पहिल्या आलेल्या साशिहारा रिनोला २,४६,३७६. मधल्या आठ वर्षांत चाहत्यांनी काय केलं ते आकडेच सांगतात. मत काढून घेतल्यावर उरलेल्या सीडींचं करायचं काय, हा निराळाच प्रश्न. फुकुओकात शेकडो सीडी डोंगरात टाकून दिल्याचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं.

साशिहाराची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. ती घाबरट, रडवेली, स्वतःचीच थट्टा करणारी म्हणून माहीत होती. जून २०१२ च्या मतदानात ती चौथी आली आणि लगेच एका साप्ताहिकाने तिच्या जुन्या प्रेमप्रकरणाची बातमी छापली. आयडॉलने प्रेम करायचं नाही, हा या धंद्यातला अलिखित, कधीकधी लिखितही, नियम. तिला दूर दक्षिणेला, फुकुओकातल्या एकेबीच्याच नव्या भावंड-गटात धाडण्यात आलं. शिक्षाच ती. तिथे ती नवख्या मुलींची थोरली बहीण झाली आणि पुढच्याच वर्षी १,५०,५७० मतं घेऊन पहिली आली. पडलेलीला उचलून वर बसवण्याची अशी संधी चाहत्यांना रोज मिळत नाही. ती ढकलली गेली होती. त्यांनी तिला उलट दिशेने ढकललं.

त्याच २०१३ च्या जानेवारीत एकेबीच्या पहिल्या तुकडीतली मिनेगिशी मिनामी तशाच बातमीनंतर मुंडण करून, रडत माफी मागताना चित्रफितीत दिसली. वीस वर्षांची मुलगी, आणि गुन्हा काय, तर मित्राच्या घरी राहिली. हे पाहिल्यावर ‘निरागस छंद’ वगैरे म्हणणं मला जमत नाही. जवळीक विकायची आणि ती मुलगी कुणाचीच नाही असंही भासवायचं, या व्यवहाराची किंमत मुलींच्याच अंगावर पडते. मे २०१४ मध्ये इवाते प्रांतात हस्तांदोलनाच्या रांगेतूनच एक माणूस करवत घेऊन आला आणि त्याने दोन मुलींना व एका कर्मचाऱ्याला जखमी केलं. पुढे रांगांच्या तोंडाशी तपासणी आली.

एवढं असूनही लोक का येत राहतात, याचं आणखी एक कारण आहे: हे संपणार असतं. आयडॉल निवृत्त होत नाही, ती ‘सोत्सुग्यो’ करते, म्हणजे शाळेतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडते. १९७८ मध्ये कँडीज या तिघींनी साध्या मुली व्हायचं म्हणून कोराकुएन मैदानात निरोप घेतला, तेव्हापासून निरोपाचा कार्यक्रम हा या कलेचा कळसाध्याय झाला. १९९७ मध्ये मॉर्निंग मुसुमे या गटातल्या पाच मुलींना पाच दिवसांत पन्नास हजार सीडी हातोहात विकून दाखवा, तरच पुढे जाल, अशी अट होती. त्यांनी ती चार दिवसांत पुरी केली. त्या पाचपैकी शेवटची २००५ मध्ये बाहेर पडली. गट आजही आहे, नव्या पिढ्यांसह. शाळा तीच, वर्ग बदलतात. चाहता हरवलेल्या ओशीसाठी रडतो आणि काही महिन्यांनी नव्या तुकडीतली कुणीतरी त्याच्या नजरेत भरते.

एकेबीचा हा साचा जपानबाहेरही गेला. जकार्तात २०११ मध्ये गट उभा राहिला, पुढे बँकॉकमध्येही. मुंबईसाठीही असाच एक जाहीर झाला होता. तो रंगमंचापर्यंत आलाच नाही.

कधी टोकियोला गेलात तर मोठ्या मैदानाच्या मागे लागू नका. तळघरातलं एखादं छोटं सभागृह शोधा, जिथे पन्नास माणसं आणि पाच मुली असतात. कार्यक्रम संपला की हजार-दोन हजार येनमध्ये तिच्यासोबत ‘चेकी’, म्हणजे झटपट छायाचित्र, काढता येतं. ती त्यावर सही करेपर्यंतचा वेळ तुमचा. जाण्याआधी एवढंच पाठ करून जा: आधी तिचं नाव, मग ‘ओशी देस’. हागाशीचा हात पडायच्या आत तेवढं बोलून होतं.