ऑर्वेल आणि स्पेनचे रणांगण
२० मे १९३७ रोजी पहाटे, स्पेनमधील वेस्का शहराबाहेरच्या खंदकात पहाऱ्यावरील शिपायांशी बोलत उभ्या असलेल्या सहा फुटांहून उंच अशा एका इंग्रज स्वयंसेवकाच्या गळ्यातून शत्रूची गोळी आरपार गेली. धमनी थोडक्यात वाचली, म्हणून माणूस वाचला. हा पुढे लेखक म्हणून गाजलेला जॉर्ज ऑर्वेल. जन्म १९०३ सालचा, बिहारातील मोतिहारीचा. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीस, आणि तो स्वतः पाच वर्षे ब्रह्मदेशात पोलीस अंमलदार. साम्राज्याच्या त्या चाकरीची शिसारी येऊन त्याने राजीनामा दिला आणि पुढे समाजवादावरील निष्ठेने, तिथल्या यादवी युद्धात बंडखोर सेनापती फ्रँकोच्या फौजांशी लढण्यास तो स्पेनला गेला.

तथापि त्याच्या साहित्याला वळण लावले ते या गोळीने नव्हे, तर बार्सिलोनातील वर्तमानपत्रांनी, असे माझे मत आहे. ज्या पोऊम पक्षाच्या पथकातून तो लढला, तो मार्क्सवादी असूनही स्टालिनचा विरोधक होता; एवढ्याच अपराधास्तव जूनमध्ये तो बेकायदा ठरला, त्याचा पुढारी आंद्रेउ निन याला अटक करून ठार मारण्यात आले, आणि थंडीत कुडकुडत आघाडी सांभाळणारी पोरे ही फ्रँकोची हस्तक होत, असा मजकूर राजरोस छापून येऊ लागला. गळ्याची जखम ताजी असताना पडक्या देवळात रात्र काढून ऑर्वेल पत्नीसह सरहद्दीपार निसटला. घडलेली गोष्ट सत्ताधाऱ्यांच्या हुकुमाने न घडलेली ठरू शकते, ही त्याच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीतील धास्ती त्याने अशी प्रत्यक्ष भोगली होती.

आघाडीवर एकदा शत्रूचा एक शिपाई अर्धवट कपड्यांनिशी, दोन्ही हातांनी विजार सावरीत, त्याच्या बंदुकीच्या टप्प्यातून पळाला. ऑर्वेलने चाप ओढला नाही. विजार सावरणारा तो जीव त्याला शत्रू वाटेना, आपल्यासारखाच माणूस वाटला. त्याचा समाजवाद या माणुसकीतून आलेला होता, आणि स्पेननंतरही तो त्याने सोडला नाही. ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही रशियन क्रांतीवरील त्याची उपहासकथा वाचून त्याला समाजवादाचा वैरी ठरविणारे लोक त्याच्यावर अन्याय करतात.



स्पेनची हकीकत त्याने ‘होमेज टू कॅटलोनिया’त लिहिली. नेहमीच्या प्रकाशकाने ती नाकारली. दुसऱ्याने १९३८ साली छापलेल्या १,५०० प्रती, १९५० च्या जानेवारीत ऑर्वेल क्षयाने वारला, तेव्हाही संपल्या नव्हत्या.