तणासोबत मजुरीही जळाली

आषाढ पौर्णिमेपासून आमच्या विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. पूर्वी बाया निंदणाहून येऊन, चूल आटोपून उशिरा यायच्या. अलीकडे वेळेवर येतात. आम्हाला आनंद वाटला व तो बोलून दाखवला. एक आजी म्हणाल्या, "भाऊ, निंदनच नाई राह्यलं, त उशीर कायचा होईन?"

अमरावती-अकोला भागात जिथे बायांच्या पाथी लागायच्या, तिथे आता एक गडी पाठीवर पंप घेऊन तणनाशक मारतो. शेतमालकाचा पैसा वाचतो, हे आम्ही नाकारत नाही. पण तो गडी बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. बायकोची मजुरी गेली, नवऱ्याच्या अंगावर विष आले, घर एकच.

ग्लायफोसेट पऱ्हाटीलाही जाळते. म्हणून ते सोसणारे 'चोर बीटी' बियाणे आले. सरकारी मान्यता नसताना 10 जून 2019 रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरले. निंदणाऱ्या बाईसाठी अशी सभा झाल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ग्लायफोसेट 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले. कंपन्यांना हे मान्य नाही. 2022 मध्ये केंद्र सरकारने परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच ते वापरावे असे ठरवले. असा परवानाधारक आम्ही तरी कोणत्या वावरात पाहिला नाही! पॅराक्वाट याहून जहाल. ते पोटात गेले तर उतारा नाही.

2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत. पण पंप तोच आणि नाकाला बांधलेला रुमालही तोच.

भगिनींनो, फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांत धुऊ नका. रिकामा डबा तेला-पाण्यासाठी घरात आणू नका. डब्यावरील चौकोनात खालचा त्रिकोण लाल असेल तर विष सर्वांत जहाल. मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. आणि तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरचा तरोटा किंवा चिवळ खुडू नका. पावसाळ्यात गरिबाच्या घरची ही फुकटची भाजी, तीही गेली.

दुसरी वाट आपल्याच जिल्ह्यात आहे. बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांना नैसर्गिक शेतीसाठी 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे एका एकराचे जीवामृत असे: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, धुऱ्याची मूठभर माती, सावलीत दोन दिवस आंबवायचे. तण दबावे म्हणून पिकाच्या ओळींत कुटाराचे आच्छादन घालायचे. पाळेकरांचा आग्रह देशी गाईचा. गाईच्या पूजेशी आम्हाला कर्तव्य नाही, शेणाशी आहे. पहिली वर्षे उत्पन्न घटू शकते, हेही सांगितले पाहिजे. आणि आच्छादन घातले तरी निंदण लागतेच. मालकाला तो तोटा वाटतो. आम्हाला त्यात आपल्या बायांची मजुरी दिसते.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964-65 मध्ये भूमिहीन जमिनीसाठी तुरुंगात गेले. गायरानाचे एक-दोन एकर ज्यांच्या वाट्याला आले, त्यांनी तरी तुकडाभर रान विषाविना करून पाहावे. त्या आजींच्या सुनेने यंदा एका एकरात तूर, ज्वारी, अंबाडी एकत्र पेरली. निंदणाला शेजारच्या चौघी आल्या. आज हिच्या वावरात, उद्या तिच्या. त्या आठवड्यात बाया विहारात पुन्हा उशिरा येऊ लागल्या. आम्ही वाचन अर्धा तास पुढे ढकलले.