‘पुट अप विथ’ आणि आपलं ‘देऊन टाक’

क्रियापदांचं वेड धुळ्याला नवं नाही. वि. का. राजवाडे १९२६ साली इथेच वारले आणि त्यांचा मराठी धातुकोश पुढे १९३७ मध्ये कृ. पां. कुलकर्णींच्या संपादनाखाली छापला गेला. म्हणून आज धुळ्यातूनच इंग्रजी क्रियापदांची एक गंमत!

आपण ‘दे’ आणि ‘देऊन टाक’ यांत फरक करतो. टाकण्याचा मूळ अर्थ तिथे उरतच नाही. इंग्रजीत हेच काम अप, आउट, ऑफ करतात. ‘गिव्ह’ म्हणजे देणं, ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणं.

खरी मेख सर्वनामाची. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं. पण पंख्याऐवजी ‘इट’ आलं की फक्त ‘टर्न इट ऑफ’. याउलट ‘लुक आफ्टर हिम’मध्ये ‘आफ्टर’ हे साधं प्रीपोझिशन, त्यामुळे ‘हिम’ शेवटीच. तिहेरी जोड्यांतही तसंच: ‘पुट अप विथ इट’, म्हणजे ते सहन करणं. मध्ये काही घुसवायचं नाही.

‘रन आउट ऑफ’ तर मला फार आवडतं. आपल्याकडे गॅस संपतो. इंग्रजीत ‘वी रॅन आउट ऑफ गॅस’, कर्ते आपणच!

आणि ऑफिसच्या ईमेलवाल्यांनो, ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ प्रीपोझिशन आहे. म्हणून पुढे ‘मीट यू’ नाही, ‘मीटिंग यू’ लिहा.