वस्तुजतन आणि सेवकवर्गाचे निरंतर शिक्षण

संग्रहालयातील वस्तूंचे जतन हे रसायनशाळेचे काम होय, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. वस्तुतः वस्तूला नित्य हात लागतो तो भांडारातील सेवकाचा. दमटपणा वा कसर प्रथम दिसते तीही त्यालाच. म्हणून त्याच्या शिक्षणाचा विचार अगत्याचा ठरतो.

हे शिक्षण नेमणुकीच्या वेळी एकदा देऊन भागत नाही, कारण जतनाचे शास्त्रच बदलत असते. जीर्ण कागदाचे उदाहरण घ्यावे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत बॅरो यांनी सेल्युलोज ॲसिटेटच्या पारदर्शक पटलांमध्ये उष्णतेने व दाबाने कागद बंद करण्याची रीत प्रचारात आणली. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने यंत्राऐवजी ॲसिटोन वापरून तेच काम हाताने साधले. पुढे असे आढळले की, कालांतराने या पटलातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि ते पटल काढणेही दुष्कर होते. आता पातळ जपानी कागद व गव्हाच्या स्टार्चची खळ यांना पसंती दिली जाते; कारण ही खळ पाण्याने सुटते, आणि केलेला उपचार शक्यतो उलटविता यावा हे तत्त्व प्रमाण ठरले आहे. ज्याचे शिक्षण जुन्या रीतीपाशीच थांबले, तो निष्ठेने काम करूनही कागदाची हानीच करील.

या शिक्षणाची सोय मुळीच नाही, असे नव्हे. १९५६ साली नवी दिल्ली येथील युनेस्कोच्या अधिवेशनात ठराव होऊन १९५९ मध्ये रोम येथे आंतरराष्ट्रीय जतनकेंद्र सुरू झाले. लखनौ येथे १९७६ साली राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. परंतु लहान संग्रहातील एकुलता एक सेवक भांडार बंद ठेवून दूरच्या अभ्यासक्रमास कसा जाणार? त्याच्यासाठी अल्प मुदतीचे वर्ग त्याच्याच भांडारात, त्याच्याच वस्तूंवर, ठराविक काळाने पुनःपुन्हा भरविणे हा मार्ग अधिक उपयुक्त होय.

भाषेच्या अभ्यासकाचा या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. मोडी पत्राच्या पाठीवरील शेरा, समासातील मजकूर, अखेरचे मोर्तब यांवरून कालनिर्णय होतो. बांधणीसाठी कडा छाटली, की तो पुरावा नष्ट झाला. छायाचित्र आधी घेतले असले तरी अक्षरे तेवढी राहतात. कागदाची घडण त्यात उतरत नाही. सारांश, रुमाल सोडणाऱ्या हाताचे शिक्षण हे संशोधनाच्या साधनांचेच रक्षण होय.