संत्र्याचा डोळा आणि डीएनएची नक्कल



आपल्या हिवरखेडच्या आसपास, मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या बागा तुम्ही रोज पाहता. रोपवाटिकेत डोळा बांधतानाही पाहिले असेल. माळी जंबेरीच्या खुंटाला चीर देतो, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा तीत बसवतो आणि पट्टीने घट्ट बांधतो. त्या इवल्याशा डोळ्यातून झाड वाढते आणि त्याला मूळ झाडासारखीच संत्री लागतात. हे कसे घडते?

झाडाच्या पेशींच्या केंद्रकात डीएनए असतो. तो पिळलेल्या शिडीसारखा असतो. ही रचना वॉटसन व क्रिक यांनी १९५३ साली मांडली. शिडीच्या पायऱ्या चार घटकांच्या जोड्यांनी बनतात. अ‍ॅडेनीनसमोर नेहमी थायमीन आणि ग्वानीनसमोर नेहमी सायटोसीन. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी एक विकर ही शिडी मधोमध उघडते. दुसरे विकर प्रत्येक अर्ध्या भागासमोर योग्य जोडीदार बसवत जाते. एका शिडीच्या दोन शिड्या होतात. प्रत्येकीची एक बाजू जुनी, एक नवी. मेसेल्सन व स्टाल यांनी १९५८ साली प्रयोगाने हे दाखवून दिले.

पण नक्कल करताना चूक झाली तर? उर्दू वर्तमानपत्रे पूर्वी कातिब हाताने लिहीत. वरचा एक नुक्ता खाली गेला, तर 'खुदा'चे 'जुदा' होते! म्हणून लिहिलेले पुन्हा तपासावे लागे. आपले विकरही तसेच करते. चुकीचा घटक बसला तर तो काढून योग्य घटक बसवते. पुढे आणखी दुरुस्ती होते. शेवटी सुमारे एक अब्ज घटकांमागे एखादीच चूक उरते. (माझ्या फळ्यावर याहून जास्त सापडतात, हे तुम्ही जाणताच.)

म्हणून डोळा कोणत्या झाडाचा, हे शेतकरी आधी विचारतो. पहिल्या फळासाठी त्याला चार-पाच वर्षे थांबावे लागते. डोळा निकृष्ट झाडाचा निघाला, तर ती सारी वर्षे वाया जातात. कारण त्या झाडाचीही नक्कल तितकीच बिनचूक होते. जोडाच्या खालच्या पेशींत मात्र जंबेरीचाच डीएनए असतो. तेथून फुटलेली फांदी वाढू दिली, तर तिला आंबट जंबेरीच लागेल. माळी ती वेळीच छाटतो.

उरलेली एखादी चूक कधी उपयोगीही पडते. थॉम्पसन सीडलेस या द्राक्षाच्या वेलीत असाच बदल झाला आणि त्यातून लांब मण्यांची 'सोनाका' ही जात मिळाली. ती सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे बागायतदार नानासाहेब काळे यांनी निवडली. तिच्या काड्या लावूनच पुढे बागा वाढल्या.