माल्टा: पिरॅमिडपेक्षा जुनी मंदिरं जपणारं बेट, ज्याची सगळ्यात प्रसिद्ध ‘खिडकी’ एका वादळात गेली

८ मार्च २०१७. भूमध्य समुद्रात वादळ सुरू होतं. त्या सकाळी माल्टाच्या गोझो बेटावरची ‘अझुर विंडो’ समुद्रात कोसळली. ही चुनखडीची नैसर्गिक कमान ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्येही दिसली होती. कमान गेली आणि तिला आधार देणारा खांबही गेला. आजही इंटरनेटवर तिचे जुने फोटो फिरतात आणि लोकांना वाटतं, ती अजून तिथेच उभी आहे.

मग आता माल्टात बघण्यासारखं काय उरलंय? उत्तर आहे, भरपूर.

आधी थोडं माल्टाबद्दल

इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेला असलेल्या या देशाचं क्षेत्रफळ आहे अवघं ३१६ चौरस किलोमीटर. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही त्यातली मुख्य बेटं. इथली माल्टीज भाषा अरबीच्या कुळातली, पण लिहिली जाते रोमन लिपीत. १९६४ पर्यंत ब्रिटिशांचं राज्य होतं, त्यामुळे इंग्रजी सर्रास चालते आणि गाड्याही आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात.

राक्षसिणीने बांधलेलं मंदिर?

गोझोवरची जिगांतिया मंदिरं इसवी सन पूर्व ३६०० च्या आसपासची आहेत. म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडपेक्षा साधारण हजार वर्षं जुनी! इतके प्रचंड दगड माणसांनी रचले असतील यावर लोकांचा विश्वासच बसेना. म्हणून एका राक्षसिणीने ती बांधली, अशी दंतकथा तयार झाली. नावही त्यावरूनच पडलं.

मुख्य बेटावर समुद्राकडे तोंड करून हजार इम आणि इम्नायद्रा ही मंदिरं आहेत. दिवस आणि रात्र समान असतात तेव्हा इम्नायद्राच्या एका मंदिरात सूर्याचे पहिले किरण दारातून थेट आत शिरतात. ऊनपावसाने दगड झिजू नयेत म्हणून २००९ मध्ये दोन्ही ठिकाणी तंबूसारखं छत उभारलं गेलं.

तासाला फक्त दहा माणसं

हाल सफलियेनी हायपोजियम हे जमिनीखाली खडक कोरून केलेलं प्राचीन दफनस्थळ. १९०२ मध्ये बांधकाम सुरू असताना ते सापडलं. माणसांच्या श्वासातून येणारी आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड यामुळे आतली लाल रंगातली चित्रं खराब होतात. म्हणूनच तासाला फक्त दहा जणांना प्रवेश मिळतो. तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात, त्यामुळे विमानाच्या तिकिटाआधी हे बघा.

वेढ्यातून जन्मलेली राजधानी

१५६५ मध्ये ऑटोमन सैन्याने माल्टाला वेढा घातला. सेंट जॉनच्या सरदारांनी आणि स्थानिकांनी तो जवळपास चार महिने झुंजवला. पुढच्याच वर्षी सरदारांचा प्रमुख ला व्हॅलेट याने नव्या तटबंद शहराचा पाया घातला. तीच आजची राजधानी व्हॅलेटा. इथल्या सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्योचं १६०८ मधलं भव्य चित्र आहे. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि ती सही चित्रातल्या रक्ताच्या ओघळात आहे!

जुनी राजधानी इम्दिनाही चुकवू नका. आत मोजक्याच गाड्यांना परवानगी असल्याने तिला ‘शांत शहर’ म्हणतात.

निसर्ग बघायचा तर

दिंगलीचे कडे समुद्रापासून सुमारे २५० मीटर उंच आहेत. सूर्यास्तासाठी जागा उत्तम. ब्लू ग्रोटोच्या गुहांमध्ये छोट्या होडीतून जाता येतं, समुद्र शांत असेल तरच. अझुर विंडो जिथे होती त्या द्वेरामध्ये आजही खडकातल्या बोगद्याने समुद्राला जोडलेलं खाऱ्या पाण्याचं तळं आहे आणि पाणबुड्यांचं आवडतं ब्लू होलही.

कोमिनोचं ब्लू लगून मात्र गर्दीने इतकं बेजार झालं की २०२५ पासून तिथे आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

जाण्याआधी

भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो, चलन युरो. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही सोसवतात.

अझुर विंडो लाटांनी नेली, ते कुणाला थांबवता आलं नसतं. पण हायपोजियमची चित्रं आणि ब्लू लगूनचं पाणी माणसांमुळे धोक्यात आहे. तिकीट मिळालं नाही म्हणून चिडण्याआधी एवढं आठवा: पाच हजार वर्षांपूर्वीची ती चित्रं आज दिसतात, ती याच मर्यादेमुळे.