दगडच चुंबक असेल तर?

पांडवकडा धबधब्याच्या बाजूच्या डोंगरात काही खडकांना होकायंत्र टेकवलं की सुई वाकडी होते, असं खारघरच्या एका वाचकाने कळवलं आहे. पुढची शंका अशी, की असंच यंत्र फिरवून जमिनीत गाडलेली जुनी वस्ती शोधता येईल का? उत्तरासाठी इंग्लंडला जाऊन यावं लागेल.

1958 साली तिथे पीटरबरोजवळ रस्त्याचं रुंदीकरण व्हायचं होतं. खाली रोमन काळातले कुंभारांचे आवे असावेत असा अंदाज होता, पण नेमकं खोदायचं कुठे? ऑक्सफर्डचे मार्टिन एटकिन प्रोटॉन मॅग्नेटोमीटर घेऊन पोचले. नाव भारदस्त, आत मात्र बाटलीभर पाणी आणि तिच्याभोवती तारेचं वेटोळं! पाण्यातले प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात. गिरक्यांचा वेग मोजला की क्षेत्राची ताकद कळते. बाटली शेतभर फिरवली, आकडा उसळला तिथे खोदलं, आणि आवा हाती लागला. कारण आव्याच्या मातीतली लोहाची ऑक्साइडं सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापून निवली, की त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांच्यात गोठून राहते.

आता आपल्याकडे या. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले आणि निवले. म्हणजे सगळा दख्खनच एक विझलेला आवा! त्याच्या पाठीवर कुंभाराचा आवा ओळखायचा कसा? मुंबईच्या परिसरात पृथ्वीचं क्षेत्र साधारण 43 हजार नॅनोटेस्ला (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचं एकक). पुरलेली भट्टी त्यात दहा-वीसपासून शे-दोनशेंपर्यंतचा फरक पाडते, आणि बेसॉल्टचा, म्हणजे निवलेल्या लाव्हाच्या काळ्या कातळाचा, एखादा डाइक (भेगेत शिरून गोठलेली भिंत) तेवढा गोंधळ एकटाच घालतो. भूवैज्ञानिकांना मात्र हे घबाडच. याच गोठलेल्या दिशांवरून 1956 मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दाखवलं, की लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

मग चुंबकाऐवजी जमिनीत लहरी सोडणारं रडार? त्याने भुयार सापडल्याच्या बातम्याही मी जरा जपूनच वाचतो. ओल्या काळ्या मातीत रडारच्या लहरी फार खोल न जाताच विरतात. त्यापेक्षा सळया ठोकून जमिनीचा विद्युतरोध मोजणं बरं. विहिरीसाठी पाणी शोधणारे वापरतात तीच ही पद्धत. दगडी पाया रोध वाढवतो, ओल धरलेला बुजका खंदक तो घटवतो.

मॅग्नेटोमीटरची आणखी एक अडचण आहे: पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दिवसभरात स्वतःच वीस-पन्नास नॅनोटेस्लांनी हलतं. म्हणून एक यंत्र फिरवताना दुसरं एका जागी स्थिर ठेवून ही हालचाल वजा करावी लागते. ते स्थिर यंत्र खारघरमध्ये कुठे ठेवणार? लोखंडी सळयांनी भरलेले टॉवर, गाड्या, वर मेट्रो!

शहर आलं की चुंबकीय मोजमाप बिघडतं, हे नानाभाई मूस यांनी फार आधी ओळखलं होतं. कुलाबा वेधशाळेच्या या पहिल्या भारतीय संचालकाचं नाव आज कितीजणांना ठाऊक आहे? मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांनी 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली, आणि जुन्या नोंदींशी सांधा जुळावा म्हणून दोन वर्षं दोन्हीकडची यंत्रं एकदम चालवली. पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था याच कामाची वारसदार. अलिबागच्या इमारतीसाठी दगड आणला तोही पोरबंदरचा; दाराशी फुकट पडलेला काळा कातळ तिथे चालणारच नव्हता.